पंधरा फूट पाण्याखालचा पंप

लोणावळा, ११ एप्रिल २०२५

अम्मारा बेटा, दुआ.

हे पत्र कोल्हापूरला तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय. घरचा पत्ता तुझ्या अम्मीकडे आहे, पण खतीजा तो द्यायला तयार नाही. "तिनं सांगितलंय देऊ नको," म्हणते. रोज दुपारी तुम्ही मायलेकी अर्धा अर्धा तास बोलता. फोन ठेवला की मी विचारतो, काय म्हणाली? "बरी आहे." माझ्या वाट्याला एवढंच येतं. माझा फोन तुला लागत नाही. म्हणून सहा वर्षांनी पेन हातात घेतलं. अक्षर लावून घे.

माफीबिफी मागायला लिहीत नाहीये. एक गणित अडलंय आणि तू भौतिकशास्त्र शिकवतेस.

आंदर मावळातली करंजवाडी. तिथं धरणाच्या फुगवट्यात वाडीचा पाण्याचा पंप होता, ड्रमांच्या तराफ्यावर तरंगणारा. गेल्या आठवड्यात वळवाचं वादळ आलं, तराफा उलटला, ड्रम सुटून वाऱ्याबरोबर गेले आणि लोखंडी सांगाडा पंपासकट तळाला बसला. पंधरा फूट पाणी आहे. काठापर्यंत क्रेन जाईल असा रस्ता नाही. ठेकेदार म्हणतो, पावसाळ्यानंतर बघू. तोपर्यंत वाडीतल्या बायका डोंगरापलीकडच्या झऱ्यावर जातात, जाऊन-येऊन दीड तास. रतनबाई सत्तरीच्या पुढं आहे, तीही जाते.

मला फोन कुणी केला माहितीये? सीतारामनं. "गुलजारभाऊ, तुमी रेल्वेत डबं उचललं, आमचा पंप बी उचला," म्हणाला.

तर गणित. पंप आणि मोटर मिळून १४० किलो, तसं पाटीवर लिहिलेलं होतं. सांगाडा २२० किलो, ज्यानं वेल्डिंग केलं त्याच्याकडून विचारून घेतलं. एकूण ३६०. दोनशे लिटरचे प्लॅस्टिकचे रिकामे ड्रम खाली बांधायचे आणि त्यांच्या जोरावर हे वर आणायचं. किती ड्रम लागतील? मी म्हणतो आठ. रेल्वेच्या ब्रेकडाऊन गँगमध्ये, घसरलेले डबे उचलणाऱ्या टोळीत, खलाशी म्हणून छत्तीस वर्षं काढली, सगळं अंदाजानंच उचललं. पण या वेळी मला अंदाजावर जायचं नाही.

टाकीच्या त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. ड्रम किती, तेवढं कळव.

गुलजार


लोणावळा, १८ एप्रिल

अम्मारा,

तुझं कार्ड आलं! सलाम नाही, नाव नाही, दोन ओळी. "लोखंड बाहेर जेवढं भरतं तेवढंच पाण्यात भरतं का? तपासा. मग सांडलेलं पाणी मोजा." आधी वाटलं, पोरगी थट्टा करतेय. बापानं एक साधा आकडा विचारला आणि ही शाळेत घालतेय.

मग म्हटलं, बघू तरी.

आठ किलोचा घण घेतला, दांडा काढून. भंगारवाल्याकडून लोंबता ताणकाटा आणला. घण काट्याला टांगला: आठ. बादलीत बुडवला, तळाला टेकू दिला नाही. काटा सातवर आला! मी काटा ठोकून बघितला. घण बाहेर काढला, परत आठ. आत सोडला, परत सात. बेटा, छत्तीस वर्षं मी लोखंडाशी कुस्ती खेळलो आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं! एक किलो गेलं कुठं?

मग तुझी दुसरी ओळ. खतीजाचं मोठं पातेलं काठोकाठ भरलं, परातीत ठेवलं आणि घण आत सोडला. खतीजा स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, बिर्याणीच्या पातेल्यात घण?" मी म्हटलं, "गप, बघ फक्त." परातीत सांडलेलं पाणी दुधाच्या मापानं मोजलं. एक लिटर. म्हणजे एक किलो! जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढंच वजन पाण्यानं उचलून धरलं. खतीजा हात पुसत आली, तिनं स्वतः पुन्हा करून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे पाणी फुकट हमाली करतं." तिच्याकडून तुला हे वाक्य सांगायचं होतं. ती फोनवर सांगणार नाही, कारण मग माझा विषय निघेल.

आता ऐक. आठात एक कमी होतो. ३६० मध्ये ४५ कमी होणार. म्हणजे तळाशी पंपाचं वजन ३१५. एक ड्रम दोनशे लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे दोनशे किलोचा रेटा वरच्या दिशेला. त्यातून ड्रमाचे स्वतःचे नऊ किलो वजा. राहिले १९१. दोन ड्रमांचे ३८२. ३१५ पेक्षा जास्त!

दोन ड्रम, अम्मारा! मी आठ म्हणत होतो!

रात्री जेवताना सुद्धा हसू येत होतं. बरोबर आहे का ते कळव.

गुलजार


लोणावळा, २५ एप्रिल

अम्मारा बेटा,

या वेळी एकच ओळ होती. "रिकामा ड्रम पंधरा फूट खाली नेणार कसा?"

ते कार्ड मी पोस्टमनसमोरच वाचलं आणि कपाळावर हात मारला. जो ड्रम १९१ किलो वर ढकलणार, तो खाली नेताना मलाही १९१ किलो ढकलणारच की! दोन दिवस डोकं चाललं नाही. दगड बांधावे तर दगडही पाण्यात हलके होतात आणि वर पुन्हा तेच दगड सोडवायचे. कुरवंड्याच्या रस्त्यावर सकाळी फिरायला जातो तिथं एका हॉटेलच्या नळाखाली बाटली भरत होतो. बाटली भरली आणि हातात जड झाली. मी तिथंच उभा राहिलो. ड्रम पाण्यानंच भरायचा! भरलेला ड्रम पाण्यात ना तरंगत ना फार बुडत, एका हातानं खाली नेता येतो. तळाशी बांधायचा आणि मग त्यात हवा सोडून पाणी बाहेर काढायचं.

हवा कुठून? पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं. तोही हिशेब मीच केला, अम्मीच्या फोनवर शोधून. दहा मीटर पाण्याचा दाब म्हणजे आपल्या डोक्यावरच्या अख्ख्या हवेइतका. पंधरा फूट म्हणजे साडेचार मीटर, निम्म्यालाही कमी. स्कूटरच्या चाकात भरतात त्याचा चौथा हिस्सा दाब पुरे!

करंजवाडीला जाऊन आलो. कान्ह्याला उतरलो, टाकव्यापर्यंत जीप मिळाली, पुढं चालत. सीताराम काठी टेकून वाट बघत उभा होता. त्याच्या घरी चहा घेतला. रेणुका म्हणून तिथल्या अंगणवाडीच्या ताई आहेत, लहानपणापासून याच पाण्यात मासे धरत वाढल्या. पंधरा फूट त्यांना काहीच नाही. म्हणाल्या, "भाऊ, मी जाते खाली. काय बांदायचं, कसं बांदायचं, तेवढं आधी जमिनीवर दाखवा." आम्ही अंगणात खाट उलटी ठेवून तालीम केली.

बेत असा: हवा भरली की ड्रमाचं तोंड घट्ट बंद करायचं, म्हणजे हवा जाणार नाही. पाच दिवसांनी, ३० तारखेला उचलणार. त्याआधी तुझं कार्ड आलं तर बरं.

अब्बा


लोणावळा, २ मे

अम्मारा,

तुझं कार्ड २९ ला संध्याकाळी आलं. देवदूतासारखं आलं म्हण. "तोंड बंद करू नका. भोक खालच्या बाजूला उघडं ठेवा. वर येताना आतल्या हवेचं काय होईल?" खाली दीडपट दाबात कोंडलेली हवा वर आल्यावर दीडपट जागा मागणार, आणि बंद ड्रम माणसांच्या शेजारी येऊन फुटणार. उघडं भोक असलं की जादा हवा बुडबुडे होऊन निघून जाईल. मग रेणुकाताईंना फोन करून बेत बदलला.

३० तारखेला सगळं तू सांगितलंस तसं केलं. दोन ड्रम भरून खाली नेले, बांधले, कॉम्प्रेसर सुरू केला. सीतारामला चिखलात काठी टेकता येत नाही, म्हणून तो नावेत बसला होता, हवेची नळी धरून, बरोबर पंपाच्या वर. मी त्याच्या शेजारी. बुडबुडे आले. ड्रम भरले. दोर तारेसारखे ताठ झाले. अख्खी वाडी काठावर उभी.

काही झालं नाही.

अर्धा तास थांबलो. तसूभर हललं नाही. रतनबाई हंडा उचलून म्हणाली, "चला गं, झऱ्यावर जाऊ," आणि बायका एकामागोमाग निघून गेल्या. त्या पाठमोऱ्या बायका बघून मला फार लाज वाटली.

मी कुणावर ओरडलो नाही.

ओरडलो. रेणुकाताईंवर. गाठ नीट बांधली नसेल म्हणालो. त्या पुन्हा खाली गेल्या, गाठी बघून आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "गाठी पक्क्या हायेत भाऊ. तुमचं गनित बगा."

तर तुझं गणित चुकलं आहे. ३८२ हे ३१५ पेक्षा जास्त असून उचललं जात नाही. मी आणखी सहा ड्रम सांगितलेत. आठ लावतो. माझा पहिला अंदाजच खरा होता. दहा तारखेला पुन्हा जातोय.

गुलजार


लोणावळा, ८ मे

अम्मारा,

तू या वेळी अख्खं पान लिहिलंस, आणि जलद टपालानं पाठवलंस. मी ते चार वेळा वाचलं.

पहिली गोष्ट, गणित चुकलं नव्हतं. पाणी वस्तूला उचलतं ते खालून रेटून. सांगाडा गाळात रुतला, त्याच्याखाली पाणीच नाही, मग रेटणार कोण? उलट वरचं पाणी त्याला दाबून धरतंय. तू लिहिलंस तशी स्टीलची ताटली ओल्या लादीवर उपडी दाबून बसवली. खतीजा आणि मी दोघांनी ओढली, निघेना! कडेखाली नखाएवढी फट करून पाणी जाऊ दिलं, आणि लहान मुलीनं उचलावी तशी उचलली गेली. आम्ही दोघं हमामखान्यात बसून पुन्हा पुन्हा तेच करत होतो. साठी उलटलेली माणसं! म्हणजे जोर वाढवायची गरज नाही, खाली पाणी पोचवायची आहे.

दुसरी गोष्ट. तू विचारलंस, आठ ड्रम लावले आणि गाळानं एकदम सोडलं तर काय होईल, काढून बघा. मी काढलं. आठ ड्रमांचा रेटा १५२८. त्यातून ३१५ गेले, राहिले १२१३. हलवायचं वजन ड्रम धरून ४३२. जवळजवळ तिप्पट. उंचावरून दगड सोडला की जमीन त्याला जशी खेचते, त्याच्या तिप्पट जोरानं तो सांगाडा वर येणार. पंधरा फुटांना अर्धा सेकंद. पाणी अडवेल म्हणून इतका वेग नसेल, असं तू लिहिलंस. आणि त्याखाली लिहिलंस, "वर कोण बसलं होतं?"

सीताराम बसला होता.

बेटा, मी वही बंद केली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. दुसऱ्यांदा. त्याच माणसाला दुसऱ्यांदा मी तिथंच बसवलं होतं.

टाकीचं लिहिणार नाही म्हणालो होतो. लिहितो. तू तिथं होतीस, तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याकडे असावं. करंजवाडीची लोखंडी टाकी आम्ही दोन दोरांवर उचलत होतो. तू एम. एस्सी.ला होतीस, सुट्टीला आली होतीस. काडीनं मातीत आकृती काढून तू सांगितलंस, अब्बा, दोर फार आडवे आहेत, दोर जेवढे आडवे तेवढा त्यांच्यावर ताण जास्त, तुटतील. मी सगळ्यांसमोर हसलो. म्हणालो, मास्तरीणबाईंना कुणीतरी चहा द्या रे. दोर तुटला. टाकी सीतारामच्या पायावर आली. त्याचा डावा गुडघा तेव्हापासून वाकत नाही.

पण तू घर सोडलंस ते त्यासाठी नाही. चूक कुणाचीही होते. चौकशीला माणसं आली तेव्हा मी म्हणालो, उचलण्याआधी मी शिट्टी वाजवली होती, सीतारामच बाजूला झाला नाही. शिट्टी मी वाजवली नव्हती. ती खिशात होती. तू घरी आल्यावर म्हणालीस, "अब्बा, खरं सांगा लोकांना." मी म्हणालो, या घरात राहायचं तर तोंड बंद ठेव. तू त्याच आठवड्यात गेलीस. सहा वर्षं सगळी वाडी समजते की सीतारामचा पाय त्याच्याच निष्काळजीपणानं गेला.

आठ ड्रम लावणार नाही. तीन. आणि नावेत कुणीही नाही.

अब्बा


लोणावळा, १३ मे

अम्मारा बेटा,

काल संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा खतीजाला वाटलं, तिचाच आहे. माझा फोन वाजतोय हे तिलाही खरं वाटेना. मी तुला काय काय सांगितलं ते मला धड आठवत नाही. नुसता ओरडत होतो असं ती म्हणते. म्हणून नीट लिहितो.

दहा तारखेला सकाळी डिझेल पंपाची नळी घेऊन रेणुकाताई खाली गेल्या. आधी मी त्यांची त्या दिवसाबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ, नळी सोडा." पाण्याच्या जोरदार धारेनं त्यांनी सांगाड्याखालचा गाळ उडवला. सात वेळा खाली-वर केलं. शेवटी वर येऊन सांगितलं, "आता माजा हात आरपार जातोय." तिसरा ड्रम बांधला, नळ्या भोकांत अडकवल्या आणि त्या पोहत काठावर आल्या. नाव काठाला बांधलेली. पाण्यात कुणी नाही. काठावरची माणसं मी तीन-तीनदा मोजली.

पहिला ड्रम भरला. दुसरा भरला. कडेचा उरलासुरला गाळ अजून धरून होता. तिसरा निम्मा झाला असेल, इतक्यात पाणी हिरव्याचं तपकिरी झालं, मग एक फुगवटा आला, जसं खालून कुणी पाठ वर काढतंय, आणि तराफा उसळला! माणसाच्या कमरेइतका पाण्याबाहेर आला, धाडकन आडवा आपटला आणि तरंगत राहिला. लाट काठावर येऊन आमच्या गुडघ्यापर्यंत भिजवून गेली. नाव त्या दिवशी जिथं होती, अगदी तिथंच तो वर आला. मग रतनबाईनं एकदम टाळी वाजवली आणि जो गलका झाला, तो पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेला असेल. मी नाचलो. खरंच. चिखलात.

मोटर सुकवून परत बांधायला दोन दिवस लागले. काल दुपारी वाडीच्या नळाला पाणी आलं.

हे सगळं तुला फोनवर सांगितलं. हवा सोडण्याआधी जे झालं ते सांगितलं नाही. तू विचारलंस, सीतारामकाका कसे आहेत, आणि मी विषय तराफ्याकडे वळवला. आता लिहितो.

सगळे काठावर जमले होते. मी म्हणालो, काठावर बांधलेल्या दोराच्या पलीकडे कुणी यायचं नाही. एक म्हातारा म्हणाला, "सीतारामला आधी धरून ठेवा, त्यो शिट्टी ऐकत न्हाई." लोक हसले. सीतारामही खाली बघून थोडा हसला. बेटा, तो सहा वर्षं असाच हसत आला असणार.

मी म्हणालो, "थांबा. त्या दिवशी मी शिट्टी वाजवलीच नव्हती. माझ्या मुलीनं दोर तुटेल म्हणून सांगितलं होतं, तेही मी ऐकलं नाही. सीतारामची काही चूक नव्हती. मी खोटं बोललो."

कुणीतरी कॉम्प्रेसर बंद केला.

सीताराम काठी टेकत माझ्यापाशी आला. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तरी चाललं असतं. तो म्हणाला, "मला म्हाईत व्हतं की, भाऊ. माजा पाय गेला, कान न्हवतं गेलं."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो तर मानलं असतं का कुनी? तुमी रेल्वेचं मानूस, आमी रानातलं." मग म्हणाला, "म्हनून तर तुमालाच बोलावलं. म्हटलं, पुन्यांदा त्याच जागंवर उभं ऱ्हायलं की बोलत्याल."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो आणि थांबलो. त्यानंच माझा हात धरला, शिट्टीचं बोललेल्या त्या म्हाताऱ्याकडे वळला आणि मोठ्यानं म्हणाला, "ऐकलं का आबा? नीट ऐकलं ना?" त्या म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग सीताराम मला म्हणाला, "वाजवा आता. ऊन तापाय लागलंय, बाया खोळंबल्यात."

वाजवली. इतक्या जोरात की छाती दुखली.

तू शनिवारी कोयना एक्सप्रेसनं येते म्हणालीस. हे पत्र टपालात टाकलं तर तू निघाल्यावर कोल्हापूरला पोचेल, म्हणून टाकत नाही. तू आलीस, चहा झाला, की तुझ्या हातात देईन. तू वाचत असताना मला समोर बसवणार नाही. मी अंगणात असेन. वाचून झालं की हाक मार.

अब्बा